अग्रक्रमाचे गणित



‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य आज आपल्या घराघरांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याचीही कोणाला आवश्यकता वाटत नाही. व्यायाम का होत नाही? वेळ मिळत नाही. वृद्ध आईजवळ अर्धा तास बसणे का होत नाही? वेळ मिळत नाही. वाचन का सुटले? वेळ मिळत नाही. वास्तविक वेळ ही अशी एकमेव संपत्ती आहे, जिचे वाटप नियतीने समान केले आहे. आठवड्याचे १६८ तास राष्ट्रपतींनाही मिळतात आणि कारखान्यातील कामगारालाही. अंतर पडते ते मिळकतीत नव्हे, खर्चात पडते.

हा खर्च एकदा मांडून पाहावा. रोज सात तास झोप म्हटली तर आठवड्याचे ४९ तास झाले. नोकरीचे ४८. मुंबईसारख्या महानगरात जाण्यायेण्याचे १५ धरू. स्नान, भोजन, घरकाम यांसाठी रोजचे तीन तास, म्हणजे २१. ही बेरीज १३३ होते. उरतात ३५ तास. वर्षाकाठी हा आकडा १,८२० तासांवर जातो. ज्याला वेळ मिळत नाही, त्याचे हे १,८२० तास कोठे गेले? घराचा हप्ता चुकला तर बँकेचे पत्र येते. विजेचे देयक थकले तर तोडणीची सूचना येते. या तासांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही आणि म्हणून तो कोणी ठेवतही नाही. दूरचित्रवाणीच्या मालिका आणि हातातील मोबाईल त्यांवर विनासायास ताबा मिळवतात.

परंतु येथे बसलेल्या अनेकांचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक कठीण आहे. त्यांचे तास करमणुकीत जात नाहीत. कोणी वस्तीतील अभ्यासिका चालवतो, कोणी रक्तदान शिबिरांचे आयोजन करतो, कोणी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे, कोणी ग्रंथालयाचा विश्वस्त आहे. वाईट आणि चांगले यांतील निवड करणे तसे सोपे असते. संस्कार आपल्याला तेवढे शिकवतात. खरी कसोटी लागते ती चांगले आणि चांगले यांतील निवड करताना. वस्तीतील चाळीस मुलांची अभ्यासिका आणि घरी दहावीला बसलेली स्वतःची मुलगी, हे दोन्ही पवित्र कर्तव्यच आहे. एकाच संध्याकाळी ते दोन्ही समोर उभे ठाकले, तर काय करावे? अग्रक्रमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

पुरुषार्थांची मांडणी

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार प्राचीन काळी ओळखला होता. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष ही चार पुरुषार्थांची मांडणी म्हणजे एक प्रकारे मानवी अग्रक्रमांचेच शास्त्र आहे. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की, तिने अर्थ आणि काम यांना हीन ठरवले नाही. धन मिळवणे आणि संसारसुख भोगणे यांना तिने पुरुषार्थाचा दर्जा दिला. मात्र त्यांच्या अलीकडे धर्माचा आणि पलीकडे मोक्षाचा बांध घातला. पाणी वाहावे, पण पाटाने वाहावे, असा हा विचार आहे.

दुसरी मांडणी आश्रमव्यवस्थेची. ती सांगते की, आयुष्यभर पुरेल असा एकच अग्रक्रम नसतो. ब्रह्मचर्याश्रमात विद्या प्रथम, गृहस्थाश्रमात कुटुंबाचे पोषण आणि समाजाचे देणे प्रथम, वानप्रस्थात हळूहळू आवराआवर आणि अनुभवाचे दान प्रथम. पंचविशीतील तरुणाने पंचावन्नच्या माणसाचे वेळापत्रक उचलले तर ते त्याला पेलणार नाही, आणि पंचावन्नच्या गृहस्थाने पंचविशीतल्या धावपळीचा मोह सोडला नाही तर त्याचे शरीर त्याला तो सोडायला लावील. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणाला साधत नाही हे सांगताना अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, अति झोपणारा आणि सदैव जागणारा या दोन्ही टोकांना एकाच पंक्तीत बसवले आहे. समर्थ रामदासांनीही दासबोधात प्रपंचाकडे दुर्लक्ष करून परमार्थाच्या मागे लागणाऱ्याला सावध केले आहे. स्वतः संसाराचा त्याग केलेल्या संन्यस्त पुरुषाने हे सांगावे, याला विशेष अर्थ आहे.

रोजचा कोंढाणा

महाराष्ट्रात अग्रक्रमाचा विषय निघाला की नरवीर तानाजी मालुसरे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेल्या तानाजीने कोंढाण्याची मोहीम समजताच लग्न बाजूला ठेवले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. फेब्रुवारी १६७० मधील त्या रात्री गड आला आणि तानाजी धारातीर्थी पडला. स्वराज्याचा प्रश्न समोर असताना घरचे मंगलकार्य थांबू शकते, हा अग्रक्रम त्या पिढीच्या रक्तात भिनलेला होता, आणि त्यापुढे नतमस्तकच व्हावे लागते.

तथापि या कथेचा आधार घेताना दोन गोष्टींचे भान सुटता कामा नये. पहिली ही की, कोंढाणा रोज येत नाही. तो आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी येतो आणि तो आला की ओळखू येतो. आपण मात्र मंगळवारच्या बैठकीला कोंढाणा म्हणतो, गुरुवारच्या नियोजनाला कोंढाणा म्हणतो आणि शनिवारच्या आढाव्यालाही कोंढाणाच म्हणतो. ज्या घरात प्रत्येक सायंकाळी मोहीम असते, त्या घरातील माणसांना खरी मोहीम कोणती हे कळेनासे होते. मग प्रसंग पडल्यावर ती माणसे ज्या उत्साहाने उभी राहायला हवीत, त्या उत्साहाने उभी राहत नाहीत. दोष त्यांचा नसतो.

दुसरी गोष्ट त्याच कथेच्या उत्तरार्धात आहे. लोकपरंपरा सांगते की, तानाजीच्या मागे रायबाचे लग्न छत्रपतींनी लावून दिले. ज्याने आपले घर मागे ठेवले, त्याचे घर राज्याने पुढे येऊन सावरले. म्हणजे त्या काळच्या समाजमनाला केवळ तानाजीचा त्याग लक्षात ठेवून भागले नाही. त्या त्यागाची परतफेडही त्याने कथेत नोंदवून ठेवली. जी संस्था कार्यकर्त्याच्या संध्याकाळी घेते, तिने त्याच्या घरी कोण आजारी आहे याची विचारपूस केली पाहिजे, हा या उत्तरार्धाचा सरळ अर्थ आहे.

गणिताच्या प्राध्यापकाचा क्रम

अग्रक्रम म्हणजे काय, याचा वस्तुपाठ घ्यायचा तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या १०४ वर्षांच्या आयुष्याकडे पाहावे. १८५८ मध्ये कोकणात जन्मलेला हा मुलगा सार्वजनिक परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही. हा मुलगा पुढे गणित विषय घेऊन मुंबईत पदवीधर झाला आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहापायी मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

यानंतरचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला. फर्ग्युसनमधील अध्यापन आटोपून अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात. आश्रम उभा राहत होता म्हणून त्यांनी महाविद्यालयातील काम टाकले नाही. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवत होते. आधी दिलेला शब्द पुरा करायचा आणि मगच पुढच्या कामाला सगळा वेळ द्यायचा, असा हा हिशेबी बाणा होता. निवृत्तीनंतर १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९३६ मध्ये ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला, तेव्हा ८६ वर्षांचे. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला, त्या वर्षी त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

या यादीतील कोणतेही काम लहान नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे की, ही कामे एकामागून एक आली. त्यांच्या मनात स्त्रीशिक्षणही होते, खेडीही होती आणि समताही होती. सर्व काही एकाच दशकात करण्याचा हव्यास त्यांनी धरला नाही. गणितात कंस सोडवण्याचा क्रम असतो. तो चुकला तर आकडे बरोबर असूनही उत्तर चुकते. आयुष्याचेही तसेच आहे. अनेक कर्तबगार माणसांच्या आयुष्यातील आकडे बरोबर असतात, पण कंसांचा क्रम चुकलेला असतो.

विम्याची पॉलिसी

अण्णासाहेबांची ही थोरवी सांगून थांबलो, तर मात्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. आश्रमाच्या उभारणीच्या काळात अण्णासाहेबांनी आपल्या आयुर्विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली. त्या काळी ही रक्कम मोठी होती. घरात मुले लहान, पगार बेताचा, आप्तांचा आणि गावाचा आधार तुटलेला. उद्या काही बरेवाईट झाले तर मुलांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, असा प्रश्न आनंदीबाईंना पडला आणि या निर्णयाने त्यांना मोठा मनस्ताप झाला. आनंदीबाई काही कार्याच्या विरोधात नव्हत्या. वैधव्याचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते. आश्रमासाठी पुढे त्याही निधी गोळा करीत हिंडल्या. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, ते आपल्या पायावर उभे राहता यावे म्हणून. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी संसाराची ही ओढाताण कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे.

हे पुस्तक प्रत्येक कार्यकर्त्याने आवर्जून वाचले पाहिजे. कारण थोर पुरुषाचे चरित्र आपण बहुधा त्याच्या बाजूने वाचतो. स्वयंपाकघराच्या बाजूने ते क्वचितच लिहिले जाते. तेथून पाहिले म्हणजे एक कठोर सत्य ध्यानात येते : अग्रक्रम एकजण ठरवतो, पण त्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो. ‘समाजासाठी मी आठवड्याचे वीस तास देतो’ असे कोणी अभिमानाने म्हणतो, तेव्हा त्यातील दहा तास त्याच्या पत्नीने दिलेले असतात. मुलांचा अभ्यास घेणे, सासऱ्यांना दवाखान्यात नेणे, बँकेच्या रांगेत उभे राहणे ही कामे त्या वेळात कोणीतरी केलेलीच असतात. सत्काराच्या वेळी शाल मात्र एकाच खांद्यावर पडते.

आजच्या कुटुंबात तर हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. एकत्र कुटुंबात कार्यकर्त्याची अनुपस्थिती काका, आजी, आत्या यांच्यात वाटली जात असे. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ती सगळी एकाच व्यक्तीवर येऊन पडते आणि ती व्यक्तीही बहुधा नोकरीवरून थकून आलेली असते. म्हणून कर्वे दांपत्याच्या आयुष्यातून घ्यायचा धडा असा आहे : अण्णासाहेबांची निष्ठा घ्यावी, पण पॉलिसी देण्यापूर्वी आनंदीबाईंना विचारावे. जो त्याग घरात बोलून, समजावून आणि वाटून घेतला जातो, तो टिकतो. जो लादला जातो, त्याची कडवट आठवण पुढच्या पिढीत उतरते आणि त्या घरातील मुले सार्वजनिक कार्याच्या वाटेला जात नाहीत. कार्यकर्त्यांची पुढची पिढी का उभी राहत नाही, याची कारणे शोधताना हे एक कारण पहिल्यांदा तपासून पाहावे.

थोडे, पण रोज

‘कुटुंब आणि नोकरी सांभाळून मोठे काम होणे शक्यच नाही’ असाही एक समज आहे. त्याला भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे आयुष्य हे उत्तर आहे. १८८० मध्ये जन्मलेले काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांनी प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला. ती प्रस्तावना वाढत वाढत पाच खंडांचा महाग्रंथ झाली. पहिला खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० मध्ये प्रसिद्ध केला, शेवटचा १९६२ मध्ये पूर्ण झाला. पहिल्या खंडाच्या वेळी ग्रंथकाराचे वय पन्नास होते, शेवटच्या वेळी ब्याऐंशी. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांहून अधिक.

साडेसहा हजार पृष्ठे बत्तीस वर्षांत विभागली तर दिवसाला सरासरी एक पानही येत नाही. या पानामागील अध्ययन अफाट आहे, हे खरेच. पण गणित तरी हेच सांगते की, डोंगराएवढे काम रोजच्या ओंजळीने उचलता येते. अट एकच, ती ओंजळ चुकता कामा नये. ज्याला आपण ‘जीवनकार्य’ म्हणतो, त्यासाठी नोकरी सोडून हिमालयात जावे लागत नाही. त्यासाठी दिवसातला एक ठरलेला तास लागतो आणि त्या तासाला कोणी हाक मारली तर ‘आत्ता नाही’ म्हणण्याचे धैर्य लागते.

व्यवहारातील चार सूत्रे

विचार कितीही उदात्त असला, तरी तो दिनक्रमात उतरला नाही तर व्यर्थ आहे. म्हणून चार साधी सूत्रे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले सूत्र : तातडीचे आणि महत्त्वाचे यांत फरक करावा. तातडीचे काम दार वाजवते. महत्त्वाचे काम कोपऱ्यात शांत बसून राहते. दूरध्वनीची घंटा तातडीची असते, रक्तदाबाची तपासणी महत्त्वाची असते. घंटेला आपण धावत जातो. तपासणी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहून जाते आणि एके दिवशी तीच तातडीची होऊन रुग्णवाहिकेतून येते. महत्त्वाच्या कामांना आठवड्याच्या आरंभीच वेळ नेमून द्यावा; तातडीची कामे उरलेल्या वेळेत आपली जागा आपणच शोधतात.

दुसरे सूत्र : नकार देण्यास शिकावे. आपल्याकडे ‘नाही’ म्हणणे म्हणजे उर्मटपणा समजला जातो. त्यामुळे माणूस पाच संस्थांचा पदाधिकारी होतो आणि पाचही ठिकाणी उशिरा पोहोचतो. नवे काम स्वीकारताना ‘यासाठी कोणते जुने काम सोडणार?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर सापडत नसेल तर ते काम नम्रपणे दुसऱ्याकडे सोपवावे. यातून दुसरा कार्यकर्ताही घडतो. जो सर्व काही स्वतःच करतो, तो संस्थेला मोठे करीत नाही, तिला आपल्यावर अवलंबून ठेवतो.

तिसरे सूत्र : आठवड्यातील किमान एक सायंकाळ घराची असावी आणि ती कोणत्याही बैठकीने हिरावून घेऊ नये. त्या सायंकाळी सर्वांनी एकत्र जेवावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि मुलांचे बोलणे त्यांना मध्येच न तोडता ऐकावे. मुलांना उपदेश बहुधा आठवत नाही. वडील त्या दिवशी घरी होते, हे मात्र आठवते. बैठका ठरवणाऱ्या ज्येष्ठांनीही हा नियम पाळला पाहिजे. आठ वाजता संपणारी बैठक साडेनवापर्यंत लांबवणे म्हणजे दहा घरांतील दीड-दीड तास, म्हणजे पंधरा तास न विचारता खर्च करणे होय.

चौथे सूत्र : वर्षातून एकदा हिशेब तपासावा. दिवाळीत व्यापारी वहीपूजन करून नवे खाते उघडतो. जुन्या वहीतील येणे-देणे पाहिल्याशिवाय तो नव्या वहीत पहिली ओळ लिहीत नाही. तसेच पती-पत्नींनी पाडव्याच्या दिवशी एकत्र बसून सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडावा. आरोग्य, कुटुंब, अर्थार्जन, अध्ययन आणि समाज ही पाच खाती. कोणत्या खात्यात किती तास जमा झाले? कोणते खाते वर्षभर कोरे राहिले? गतवर्षी मुलगी आठवीत होती, यंदा नववीत आहे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर होते, आता एकोणऐंशी आहे. परिस्थिती बदलली म्हणजे खात्यांची वाटणीही बदलली पाहिजे. हा हिशेब कोणा एकट्याने मांडू नये. ज्यांनी किंमत मोजली, त्यांच्या सहीशिवाय तो पूर्ण होत नाही.

यशाचे मोजमाप

यशस्वी जीवन कोणाचे, हे ठरवण्याची जगाची मोजपट्टी पद, पैसा आणि प्रसिद्धी यांची आहे. ती सर्वस्वी त्याज्य आहे असे म्हणता येणार नाही. अर्थ हा पुरुषार्थच आहे, आणि दरिद्री राहण्यात कोणताही मोठेपणा नाही. परंतु ज्याने पद मिळवले आणि प्रकृती घालवली, पैसा मिळवला आणि मुलाशी बोलणे गमावले, किंवा समाजात नाव मिळवले आणि घरात परका झाला, त्याच्या यशाच्या वहीत बेरजेबरोबर एक मोठी वजाबाकीही लिहिलेली असते. समतोल म्हणजे सगळ्या खात्यांत सारखीच रक्कम नव्हे. कोणत्या काळात कोणते खाते मोठे असावे, हे जाणूनबुजून आणि सर्वांच्या संमतीने ठरवणे म्हणजे समतोल. आईचे दुखणे असताना समाजाचे खाते सहा महिने लहान झाले, तर त्यात अपराध नाही. मुले मार्गी लागल्यावर ते पुन्हा मोठे झाले नाही, तर मात्र स्वतःला जाब विचारला पाहिजे.

समाजाला कार्यकर्ते हवेत. पण दोन वर्षे धुंद होऊन राबणारे आणि तिसऱ्या वर्षी थकून, कटू होऊन घरी बसणारे नकोत. त्याला हवेत ते चाळीस-पन्नास वर्षे अखंड चालणारे, ज्यांची घरे त्यांच्या पाठीशी उभी आहेत असे. असा कार्यकर्ता घडवण्याचे काम शिबिरात जेवढे होते, तेवढेच ते त्याच्या घरी जेवणाच्या पाटावरही होते. येत्या रविवारी प्रत्येकाने आपापल्या घरी एक कागद घ्यावा, त्यावर १६८ हा आकडा लिहावा, आणि त्याखालची वजाबाकी घरातील सर्वांनी मिळून करावी. उरलेले तास कोणाचे, हे एकदा सर्वांसमक्ष ठरले की ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य त्या घरातून आपोआप हद्दपार होईल.